गारठ्याचा आठवडा आणि मऊ पडलेली तीन आदणं

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला आमचं गुऱ्हाळ आहे. आजोबांनी घातलं, वडिलांनी वाढवलं, आता थोरला भाऊ बघतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हंगामात पहाटे आणि सुट्टीच्या दिवशी गुऱ्हाळावर असतो. आदण म्हणजे काहिलीत, मोठ्या पसरट कढईत, एका वेळेला शिजणारा रस. त्या आदणांची वही वडिलांच्या वेळेपासूनची आहे: ऊस किती आला, आदणं किती निघाली, गूळ कसा बसला. मी तिच्यात दोन रकाने वाढवले. एकात पहाटेचं सगळ्यांत कमी तापमान, दुसऱ्यात दुपारचं ओल्या आणि सुक्या तापमापीतलं अंतर (ते जितकं कमी तितकी हवा ओली). हे प्रकरण त्या दोन रकान्यांमुळंच उलगडलं.

आमच्या भागात एक समज पक्का आहे. गार वारं सुटलं की गूळ सुधारतो. समज खोटा नाही, पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे तो. पण त्या कार्तिकात थंडी पडली आणि आमची तीन आदणं मऊ पडली, तीही स्वच्छ आभाळाच्या, खडखडीत कोरड्या दिवसांत. तिन्ही आदणं पहाटेची होती. त्याच फडातल्या उसाचा, त्याच काहिलीत शिजलेला दुपारचा गूळ मात्र दगडासारखा बसत होता.

आधी ढग, मग वारं

आठवडा सोमवारी ढगातच उजाडला. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की दिवाळीनंतरसुद्धा आमच्यापर्यंत ढग येतात. पाऊस पडतोच असं नाही, पण हवा जड होते. सोमवारी आणि मंगळवारी पहाटेचं तापमान २१ अंशांच्या खाली गेलं नाही. संध्याकाळी सुकी तापमापी २५ आणि ओली २३ दाखवत होती, म्हणजे हवा ओलाव्यानं भरलेली. अंगणात पसरलेली चिपाडं, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, दोन दिवस वाळली नाहीत. आमचा जळव्या, म्हणजे जाळ सांभाळणारा गडी, चुलवाणात (काहिलीखालच्या भट्टीत) चिपाड सारत होता आणि आत जाळाऐवजी धूरच जास्त होत होता. एरवी अडीच तासांत उतरणारं आदण सव्वातीन तासांवर गेलं.

या दोन दिवसांचा गूळ काळपट आणि चिकट निघाला. त्याचं नवल वाटायचं कारण नव्हतं. रस जितका वेळ मंद आचेवर राहतो तितकी त्यातली साखर फुटते, म्हणजे सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोन्ही दाणा धरत नाहीत, उलट हवेतलं पाणी ओढतात. वेळ वाढला की रंगही गडद होतो. ओलं चिपाड, मंद जाळ, लांबलेलं आदण, काळा चिकट गूळ, अशी ती साखळी आहे. ढगाळ हवेत गूळ बिघडतो असं आपण म्हणतो, तेव्हा हवेनं पहिला घाव जळणावर घातलेला असतो आणि मग गुळावर.

मंगळवारी शेजारच्या एकानं नेहमीचा सल्ला दिला, रसात हायड्रॉस टाका म्हणून. रंग उजळतो हे खरं. पण ती नुसती विरंजक पावडर आहे. गंधक गुळात राहतं, उजळलेला रंगही साठवणीत पुन्हा उतरतो. आमच्या गुऱ्हाळात ती येत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाचा गूळ पावडरीनं पिवळा करून विकणं मला चोरीसारखं वाटतं. आम्ही भेंडीचं पाणी घालतो, बेताचा चुना घालतो आणि मळी झाऱ्यानं मन लावून काढतो. त्या दोन दिवसांचा काळा गूळ काळा म्हणूनच विकला.

बुधवारी तुळशीचं लग्न होतं. दुपारी तीनच्या सुमाराला मी अंगणात तापमाप्या बघायला गेलो तर ओल्या तापमापीचं फडकं सुकत चाललं होतं. वारं फिरलं होतं. सकाळपर्यंत आग्नेयेकडून येणारं दमट वारं थांबून ईशान्येकडून कोरडं वारं सुरू झालं होतं. संध्याकाळी वृंदावनापुढं मंगलाष्टकं चालली होती तेव्हा आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं होतं आणि आईनं शाल मागितली.

पहाटेची नोंद

गुरुवारी पहाटे गुऱ्हाळावर १६.५, शुक्रवारी १३.६, शनिवारी १२.४, रविवारी १२.८. दुपारी मात्र तेच २९-३० अंश. थंडी पडली म्हणजे दिवस गार झाला, असं आमच्याकडं कार्तिकात होत नाही. गार होते ती रात्र. हवेतला ओलावा आणि ढग रात्री पांघरुणासारखं काम करतात, जमिनीची ऊब धरून ठेवतात. ते पांघरूण निघालं की जमीन आपली उष्णता थेट आभाळात सोडते. उगवतीच्या आसपास ती सगळ्यांत जास्त निवलेली असते.

त्यात जागेचा फरक पडतो. आमचं घर गावात, चढावर आहे आणि गुऱ्हाळ नदीकडच्या सखल रानात. शनिवारी पहाटे घरच्या तापमापीवर १५.२ होते, गुऱ्हाळावर १२.४. मधलं अंतर चालत दहा मिनिटांचं. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहत जाऊन नदीकाठाला साठते. सायकलवरून खाली येताना एका ठरावीक वळणावर, जिथं आंब्याचं मोठं झाड आहे तिथं, पायाला आधी गारवा लागतो आणि मग छातीला. वातावरणशास्त्रात याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात, खाली गार आणि वर ऊबदार. तो डोळ्यांना दिसतो धुरामुळं. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर जायचा, मग अदृश्य छताला टेकल्यासारखा आडवा होऊन उसाच्या तुऱ्यांवरून गावाकडं सरकायचा. शुक्रवारी माझ्या वर्गातली निम्मी मुलं खोकत होती. पहाटे चारला पेटणारी गुऱ्हाळं आमच्या शिवारात एक-दोन नाहीत. त्या खोकल्यात आमच्या धुराचा वाटा होता हे मला नाकारता येत नाही.

फडाच्या कडेला ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेली कुटुंबं खोपी घालून राहिली होती. गुरुवारी रात्रीपासून त्यांतल्या दोन बायका लहान पोरांना घेऊन आमच्या चुलवाणाच्या मागच्या भिंतीला झोपायला यायला लागल्या. ती भिंत रात्रभर कोमट राहते. भावानं तिथं गोणपाटांचा आडोसा बांधून दिला. आदणांच्या वहीत याला रकाना नाही, तरी मी तारखेपुढं लिहून ठेवलं आहे.

तीन आदणं

शुक्रवारी पहाटेचं पहिलं आदण साडेसहाला उतरलं. रंग सुरेख, केतकीसारखा. वाफ्यात, म्हणजे पाक ओतून निववायच्या जागेत, गूळ भराभरा आळला. गार हवेत आळतोच. दहा किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपी, डब्यांतून काढले तेव्हा वरून टणटणीत होते. गूळ शिजवणारे आमचे गुळव्या अण्णा खूश. त्या दोन ढगाळ दिवसांत काळा गूळ काढून त्यांचं मन विटलं होतं. माल शनिवारी सकाळी मार्केट यार्डात गेला. दहाच्या सुमाराला अडत्याचा फोन आला, "मास्तर, रवा मऊ पडलाय. अंगठा आत जातोय."

मी शाळेतून तसाच गुऱ्हाळावर गेलो. त्या दिवशीची पहाटेची दोन आदणं उतरून रवे रांगेत मांडले होते. एक रवा घेतला आणि सुरीनं मधोमध कापला. बाहेरची बोटभर जाडीची कड कडक होती, दाणेदार. आत मात्र मेणासारखा मऊ गूळ, सुरीला चिकटून ओढला जाणारा. कापलेल्या बाजूला बोट टेकवलं तर ठसा राहिला. गार हवेनं बाहेरचं कवच चटकन घट्ट केलं होतं आणि आतला कच्चेपणा त्या कवचात झाकून गेला होता. ढगाळ दिवसांत असा गूळ वाफ्यातच चिकट राहिला असता आणि तेव्हाच कळलं असतं.

दुपारी आम्ही चौघं कट्ट्यावर बसलो. भावाला उसाचा संशय होता. नदीकडचा तुकडा, पाणी जास्त, ऊस कोवळा असणार. जळव्या म्हणाला, दव लई पडतंय, वरची चिपाडं पहाटे भिजल्यात. अण्णांच्या मते चुना कमी पडला होता. तिन्ही शक्यता खोट्या नव्हत्या, पण एकेक करून तपासता येत होत्या.

ऊस को ९२००५, गुळासाठी आमच्या भागात नावाजलेली जात. रसाची गोडी मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर आहे आमच्याकडं. सोमवारी ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, १९.५ आला होता, शनिवारी २०. दुपारचं आदण याच तुकड्यातलं होतं आणि ते उत्तम बसलं होतं. ऊस सुटला. इथं एक सांगायला हवं. गारठा पडला की आठ दिवसांत उसात साखर भरते, असं सगळे बोलतात. रात्री गार झाल्या की उसाची वाढ मंदावते आणि साखर साठायला लागते हे खरं आहे, पण त्याला कित्येक आठवडे लागतात. चार रात्रींत ऊस बदलत नाही. चार रात्रींत बदलते ती हवा.

चुन्याचं माप एकच होतं, सकाळ-दुपार तेच. चिपाडाचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. दव ढगाळ रात्री पडत नाही, निरभ्र रात्री पडतं. म्हणजे थंडीनं दिवसा चिपाडं वाळवली आणि रात्री वरचा थर पुन्हा भिजवला. पण ओल्या चिपाडाचा दोष काळ्या, जास्त शिजलेल्या गुळात दिसायला हवा होता. आमच्या हातात होता तो उजळ रंगाचा, मऊ गूळ. उजळ आणि मऊ या दोन खुणा एकत्र आल्या की अर्थ एकच निघतो. काहील लवकर उतरवली गेली. गूळ कच्चा राहिला.

हे अण्णांना सांगायचं कसं? चाळीस वर्षं ते काहिलीपुढं उभे आहेत. मी हळूच विचारलं, आदण उतरवताना गोळी बघितली होती ना?

"बगितली की. टण्ण वाजली."

गोळीची परीक्षा अशी. काहिलीतला पाक फावडीवर घेऊन थोडासा गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि काहिलीच्या कडेवर आपटायची. टणक आवाज आला की आदण तयार. अण्णांच्या हातात तापमापी कधी नव्हती आणि त्यांना ती लागलीही नाही.

"पानी कुठलं घेता?" भावानं विचारलं.

अण्णांनी कट्ट्याच्या कोपऱ्यातल्या स्टीलच्या घमेल्याकडं बोट केलं. रात्री झोपताना ते भरून ठेवायचं, पहाटे धावपळ नको म्हणून. छपराच्या बाहेर, उघड्या आभाळाखाली.

पाणी मोजलं तेव्हा

रविवारी मी पहाटे पाचला पोचलो. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून आणलेली दोनशे अंशांपर्यंतची तापमापी बरोबर होती. आधी घमेल्यातलं पाणी मोजलं. ११ अंश. हवा १२.८ आणि पाणी ११, कारण उघडं घमेलं रात्रभर आपली उष्णता आभाळाला देत होतं. सोमवारी याच घमेल्यातलं पाणी २१-२२ अंशांच्या घरात असणार, हवा त्याच्या खाली गेलीच नव्हती.

मग दुसरं घमेलं घेतलं, त्यात चुलवाणाजवळच्या पिंपातलं कोमट पाणी मिसळून २३ अंश केलं. दोन्ही घमेली काहिलीशेजारी ठेवली. पाक दाटला, बुडबुडे मोठे आणि जड झाले, फावडीवरून तार ओघळायला लागली. तापमापी ११४ दाखवत होती. अण्णांनी एकाच फावडीतला पाक दोन्ही घमेल्यांत टाकला. गार पाण्यातली गोळी कडेवर आपटली, टण्ण वाजली. कोमट पाण्यातली आपटली, ती चेपली आणि कडेला चिकटून राहिली.

अण्णा काही बोलले नाहीत. दोन्ही गोळ्या त्यांनी तळहातावर घेतल्या, अंगठ्यानं दाबून बघितल्या. पहिली गोळी हातातल्या उबेनं मिनिटाभरात मऊ झाली.

"मास्तर, हात तर बरूबर सांगत हुता."

"हात बरोबरच आहे अण्णा. पाणी लई गार होतं."

पाक जितका दाट तितकी त्याची गोळी टणक, ही परीक्षा पाण्याची ऊब कायम आहे असं धरून चालते. पाणी दहा अंशांनी गार झालं की कच्चा पाकही त्यात ताठरतो. गूळ उतरवायचं तापमान ११८ अंशांच्या आसपास असतं, काकवी १०५-१०६ लाच उतरवतात. ११४ ला उतरवलेल्या पाकात पाणी जास्त राहतं, आणि तेच पाणी रव्याच्या पोटात सापडलं होतं. दुपारी घमेलं उन्हात तापून २३-२४ अंशांवर यायचं, म्हणून दुपारची परीक्षा खरी ठरायची आणि गूळ बसायचा. गुरुवारी पाणी एवढं गार झालं नव्हतं, म्हणून त्या पहाटेचं आदण वाचलं.

त्या दिवशी अण्णांनी कोमट पाण्यातली गोळी वाजेपर्यंत काहील चुलवाणावर ठेवली. आणखी काही मिनिटं लागली. तापमापी तेव्हा ११८ च्या जरा वर होती. मी आकडा मोठ्यानं वाचला नाही, त्यांनी गोळीवरूनच ठरवलं. रवे संध्याकाळी कापून बघितले. कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा दाणा होता.

बदललेल्या चार गोष्टी

गोळीचं घमेलं आता छपराखाली, चुलवाणाच्या कुशीला असतं. सकाळी त्यात कोमट पाणी मिसळून हाताला ना गार ना गरम लागेल असं करायचं, आणि आदण उतरवण्याआधी एकदा मोजायचं.

चिपाडं संध्याकाळी पाचला गोळा करून ढीग घालायचा, वर ताडपत्री. सकाळी नऊला, दव उडाल्यावर पुन्हा पसरायची. कोरड्या हवेत (त्या शनिवारी दुपारी सुकी तापमापी २९ आणि ओली १८.५ होती) एका उन्हात ती कडकडीत वाळतात. आदण पुन्हा अडीच तासांवर आलं. आठवड्याभरात थंडीनं आम्हाला दिलेला खरा फायदा हाच: कोरडं जळण, तेज जाळ, कमी वेळ.

पहिलं आदण पहाटे चारऐवजी साडेसातला चढवायचं. हा निर्णय घरात सहज झाला नाही. दिवसाला एक आदण कमी होतं, आणि त्याचे पैसे भावाच्या खिशातून जातात, माझ्या नाही. मी त्याला शनिवारी पहाटे पंचगंगा घाटावर घेऊन गेलो होतो. त्रिपुरी पौर्णिमा होती, अंधारात घाटाच्या पायऱ्यांवर हजारो पणत्या लागल्या होत्या, आणि त्या सगळ्या पणत्यांचा धूर पाण्यावर पुरुषभर उंचीला पसरून जागीच थांबला होता. वर निखळ चंद्र आणि खाली डोळे चुरचुरणारा धूर. ऊन वर आलं, जमीन तापली, तसं आठ-साडेआठनंतर ते छत मोडलं आणि धूर उठून गेला. भाऊ परतताना एवढंच म्हणाला, "आपला धूर तर चिपाडाचा." सोमवारपासून चुलवाण उशिरा पेटायला लागलं. पेटवण आणि धुराचा पहिला लोट आता छत मोडायच्या वेळेला येतो. शिवारातल्या बाकीच्या गुऱ्हाळांशी बोलणं चालू आहे, दोघांनी ऐकलं आहे.

चौथी गोष्ट म्हणजे कापून बघणं. गारठ्यात वरून टणटणीत रवा दिसला तरी प्रत्येक आदणातला एक रवा कापायचा, मगच माल गाडीत चढवायचा. ज्या बाजारात आमचा गूळ जातो त्याची पाळंमुळं १८९५ साली शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत आहेत. आजोबा तिथं बैलगाडीनं गूळ नेत. तिथल्या अडत्यानं अंगठा दाबून आमचा रवा बाजूला काढला, हे भावाला फार लागलं. शुक्रवारचं आदण कमी भावात गेलं. शनिवारची दोन आदणं आम्ही विकली नाहीत. थोडी पुढच्या रसात मिसळून बघितली, पण दुसऱ्यांदा शिजला की गूळ काळा पडतो, म्हणून ते थांबवलं. उरलेला गूळ घरी ठेवला आणि खोपींवर वाटला. आईनं त्यात तीळ घालून पोरांना वड्या करून दिल्या.

पुढच्या आठवड्यात बुधवारी पुन्हा ढग आले. पहाटेचं तापमान एका रात्रीत १३ वरून १९ वर चढलं. मी शाळेत जायच्या आधी गुऱ्हाळावर डोकावलो. काहिलीत पाक दाटत आला होता आणि अण्णा घमेल्यापाशी वाकले होते. मला बघून त्यांनी भिजलेलं बोट वर केलं.

"मास्तर, आज कोमट मिसळू का असंच राहू दे? किती हाय बगा की."

मी तापमापी घातली. वीस होते.

"थोडं मिसळा," मी म्हटलं, आणि ते पिंपाकडं गेले.